कॅनव्हासवर घातलेलं लोणचं

आईच्या तोंडातली लाळ गेली. ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्या घरात गेल्या वर्षी घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. हिवाळ्यात तिच्या गळ्यापाशी गाठ निघाली, मग रेडिएशनचे शेक सुरू झाले. मशीनखाली झोपवून शेक द्यायचे आणि आम्ही दोघी रिक्षाने बेलवलीला घरी परत यायचो. गाठ गेली. डॉक्टर खूश झाले, मीही झाले. पण गळ्याबरोबर लाळेच्या ग्रंथीही भाजून निघाल्या. आईच्या तोंडाचं वाळवंट झालं. ती उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपायची आणि बोलताना जीभ टाळूला चिकटून तिचे शब्द अर्ध्यातच अडकायचे.

लाळ परत येईल का, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "कुणाची येते, कुणाची नाही येत. वेळ द्यायचा." आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं की तोवर यांनी खाल्लं पाहिजे. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईने ते दारातून ऐकलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "नळी घालून घेणार नाही मी. सांगून ठेवते."

तेव्हापासून प्रत्येक जेवण ही आमची लढाई होती. पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. दोन चमचे झाले की ती वाटी सरकवायची. सगळं भिजल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायची. मी ओरडायचे, समजवायचे, रडायचेही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उद्याचं, परवाचं काही बोलणं तिने सोडूनच दिलं होतं. पौर्णिमेला विहारात जायला शेजारणी बोलवायच्या, तर "तुम्ही जाऊन या" म्हणायची. मला भीती वाटत होती. तिला जगायचा कंटाळा आलाय, ही भीती.

आणि ही बाई कोण, तर जिच्या हाताला चव आहे म्हणून आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाव. तिचं कैरीचं लोणचं मागायला लोक वाट्या घेऊन यायचे. माझ्या सगळ्या आयुष्याला त्या लोणच्याचा वास आहे. शाळेत डब्यात ती पोळीवर फोड ठेवायची, आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून डबा वहीच्या कागदात गुंडाळायची. तेल यायचंच. मधल्या सुट्टीत डबा उघडला की कागदावर डाग पडलेला असायचा. तेल लागलेला कागद पारदर्शक होतो. मी तो खिडकीशी धरायचे तेव्हा डागाच्या आतून उजेड यायचा, पिवळा, थोडा लालसर, आणि त्यात मोहरीचे कण तरंगताना दिसायचे. डाग रोज नवा. कधी बेट, कधी झोपलेली म्हैस, कधी नुसता ढग. मी पेनाने त्याच्या कडा गिरवायचे. बाकीच्या मुली लंगडी खेळायच्या आणि मी हे उद्योग करायचे. चित्र काढणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायच्या आधी त्या डागांनी शिकवलं.

पुढे त्याच डागांवर माझं पोट चाललं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना आहे, तिथे मी मागच्या खिशांवरच्या भरतकामाची डिझाइनं काढते. स्टेशनवरून शेअर रिक्षा, मग गल्लीतून चालत, मग वरच्या मजल्यावर मशीनच्या खडखडाटात माझं टेबल. आमचे सेठ सिंधी, मनाने चांगले. पहिल्यांदा माझं डिझाइन बघून त्यांनी कागद उलटासुलटा केला. "मॅडम, ये पत्ता है के बादल है?" मी म्हटलं, "सेठ, आचार का दाग है." ते इतके हसले की चहा सांडला. पण त्यांनी ते लावलं, आणि माल चालला. तेव्हापासून नवीन काही हवं असलं की ते लांबूनच ओरडतात, "मॅडम, कुछ आचार-वाचार निकालो!"

कारखान्यातलं काम म्हणजे पोटाचं. मनाचं वेगळं. अंबरनाथला एका निवृत्त सरांकडे मी रविवारी तैलरंग शिकायला जायचे. ते गेले, क्लास बंद झाला, आणि माझे कॅनव्हास कपाटावर धूळ खात पडले. आईच्या आजारपणात तर ब्रश कुठे ठेवलेत तेही आठवत नव्हतं.

उन्हाळा आला तशी कैरीवाली आली. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून ती येते, डोक्यावर टोपली, बाजाराच्या कोपऱ्यात ठरलेली जागा. रायवळ कैऱ्या, लहान, कडक, इतक्या आंबट की नुसत्या बघून दात आंबतात. आई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घ्यायची. दोघी टोपलीशी बसून एकेक कैरी अशी पारखायच्या की मुलगी बघायला आल्यात असं वाटावं.

मला एकटीला बघून ती म्हणाली, "बाय, आई नाय आली?"

मी सांगितलं. तिने ऐकलं, थोडा वेळ कैऱ्यांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ह्या वर्साला लोणचा नाय?"

बोलता बोलता तिने माझ्या पिशवीत कैऱ्या भरल्या होत्या. "आईला दाखव जा. हात लावू दे तिला," म्हणाली.

घरी आणल्या आणि मला माझाच राग आला. जिच्या तोंडाला चव नाही तिच्यासमोर मी कैऱ्या घेऊन उभी! आईने पिशवीकडे पाहिलं, डोळे मिटले. मी पिशवी खाटेखाली सरकवली. लोणचं घालायचा प्रश्नच नव्हता. एक तर ते खाणार कोण, आणि दुसरं म्हणजे मला ते येत नाही. आईने कधी हात लावू दिला नाही. "तुझ्या हाताला घाई आहे, लोणच्याला घाई चालत नाही," हे तिचं ठरलेलं. मी बरण्या धुवायच्या, पुसायच्या, उन्हात ठेवायच्या. आतलं सगळं तिचं.

पण दुपारी, ती झोपलेली असताना, कैऱ्यांचा वास खाटेखालून घरभर पसरला. हिरवा, चिकाचा वास. पडद्यातून उजेड येत होता, पंखा फिरत होता, आणि मला अर्धवट झोपेत वाटायला लागलं की मी पुन्हा शाळेच्या खिडकीशी तो तेलकट कागद धरून उभी आहे. उठले ती थेट कपाटाकडेच गेले. एक कॅनव्हास खाली काढला, पुसला. आदल्या वर्षीची बरणी, जिच्या तळाला थोडा खार उरला होता, ती समोर ठेवली आणि भरलेली बरणी मनाने काढायला घेतली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. या वर्षी घरात लोणचं नाही हे मला सहन होत नव्हतं, एवढंच.

झटपट काढलं. काचेची बरणी, आत फोडी, लाल मसाला, खाली तेलाचा सोनेरी थर. फोडींचा हिरवा रंग छान आला होता म्हणून मी त्या तेलाच्या वर दिसू दिल्या. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला. आई दोन दिवस त्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. तिसऱ्या दिवशी मी पेजेची वाटी घेऊन गेले तर ती बोट करून म्हणाली, "तेल कुठंय?"

"आहे की. ते बघ खाली."

"फोडी वर आल्यात." जीभ अडकली, तिने पाण्याचा घोट घेतला. "बुरशी धरेल."

मी हसले. "आई, चित्राला कशी बुरशी धरेल?"

"धरेल," ती म्हणाली. "आणि असं आयतं लोणचं कुणी घालतं का? आधी फोडी. मग मीठ-हळद. तू एकदम वरूनच सुरुवात केलीस."

कित्येक दिवसांत ती इतकी बोलली नव्हती. मी वाटी खाली ठेवली, टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि तिच्या देखत ते सगळं चित्र पुसून टाकलं. नुसती रिकामी बरणी ठेवली. "चल," म्हटलं, "सांग. पहिल्यापासून."

तिथून पुढचे दिवस मला नीट वेगवेगळे आठवत नाहीत. एकाच लांब दुपारसारखे ते माझ्या डोक्यात आहेत. मी कारखान्यातून लवकर निघायचे, सेठनीच सांगितलं होतं, "घर से डिझाइन भेजो मॅडम, माँ को देखो." आई खाटेवर, पाठीला दोन उशा. खाटेवर पडून माझ्यावर हुकूम सोडायचे, यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. कैऱ्या धुवायला लावल्या. पुसायला लावल्या. "पाण्याचा थेंब राहता कामा नये." अगं, मी चित्र काढणार आहे! तरी पुसायला लावल्या. विळीवर चिरल्या, बाठीसकट, आणि ताटात मांडून मी त्या काढल्या. तिला एकही फोड दुसरीसारखी झालेली चालत नव्हती. "सगळ्या सारख्या कशा? विळी काय मशीन आहे?"

मग मीठ-हळद. "पाणी सुटतं ते बघितल्याशिवाय काढशील कसं?" म्हणून खऱ्या फोडींना पातेल्यात मीठ-हळद लावायला सांगितलं. मीठ किती, तर तिने हात उचलला, मूठ केली, उघडली, परत अर्धी मिटली. तेवढं. त्या हाडकुळ्या हातात अजून ते माप होतं. आम्ही दोघी पातेल्यात वाकून बसलो. फोडींच्या कडेला आधी घाम आल्यासारखे बारीक थेंब जमले, मग ते एकमेकांना भेटले, आणि तळाला पिवळं पाणी दिसायला लागलं. त्या पाण्यात खिडकी दिसत होती. खिडकीत समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या, आणि टाक्यांच्या वर आभाळ, सगळं हळदीचं. मी त्यात किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. आईही बघत होती. मला वाटलं, ती आत्ता कैरीच्या पाण्यात उतरून कुठेतरी चालत गेली आहे, जिथे मला तिच्या मागे जाता येणार नाही. मग ती म्हणाली, "हे काढ. हे जमलं पाहिजे." आणि तिचा डोळा लागला.

ते पिवळं काढायला मला फार वेळ लागला. मधे रंग वाळू द्यावे लागत. आईला ते पटायचं. "थांबायचंच असतं," म्हणायची. पातेल्यातल्या फोडी तिने वाया जाऊ दिल्या नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर फडक्यात वाळत घालायला लावल्या, त्यांची आंबोशी झाली.

मसाल्याच्या दिवशी मात्र बिनसलं. मोहरीची डाळ झाली, मेथी झाली, हिंगाचा रंग कुठला यावर तासभर वाद झाला. मग मी तिखट घातलं, म्हणजे लाल रंग घातला, आणि आईने तोंड वाकडं केलं.

"एवढं लाल? बाजारातलं आहे का ते?"

मी कमी केलं. तिला ते फिकं वाटलं. परत घातलं. परत नाही. सकाळपासून पेजेची वाटी तशीच होती, तिच्यावर साय धरली होती, आणि ही बाई मला तिखटाचा रंग शिकवत होती. माझं डोकं फिरलं. "आई, हे चित्र आहे! कुणाला खायचं नाहीये हे!"

तिने उशीवर मान टाकली. मग अगदी हळू म्हणाली, "मला तरी कुठं खायचंय."

त्या दिवशी तिने काहीच खाल्लं नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. मला तिच्या त्या वाक्याचा दोन्ही बाजूंनी त्रास होत होता. ती खायला मिळत नाही म्हणून बोलली, की खाण्याची इच्छाच उरली नाही म्हणून, ते कळत नव्हतं. विचारायचं धाडस होत नव्हतं. नळी आता फार लांब नाही, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळ करून बाहेर आले तर आई खाटेवर नव्हती. ती चित्रासमोर जमिनीवर बसली होती. कुणाचा हात न धरता तिथवर गेली होती. पॅलेटवरचा लाल आणि थोडा तपकिरी तिने बोटाने कालवला होता, आणि एका फोडीला तो चोळला होता, आपण मसाला चोळतो तसा, अंगठ्याने, कडेकडेने.

"असा," ती म्हणाली. "बघ. वरून टाकायचा नसतो. लावायचा असतो."

मी तिच्या शेजारी बसले. ब्रश बाजूला ठेवला आणि बोटांनीच एकेका फोडीला मसाला लावत गेले. ती सांगत होती, ही राहिली, ती खालची राहिली. भांडण मिटलं की नाही, तो विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. संध्याकाळी तिने पेज अर्धी वाटी घेतली. कौतुक केलं असतं तर तिने उरलेली टाकून दिली असती, म्हणून मी टीव्हीकडे बघत बसले.

शेवटी तेल. तैलरंगात एक नियम आहे, अंबरनाथचे सर तो सारखा घोकून घ्यायचे: पातळ थर आधी, तेलाचा जाड थर सगळ्यात शेवटी, नाहीतर चित्राला भेगा जातात. आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. "मग? लोणच्याला तरी आधी घालतात का?"

"कसलं तेल आहे?" तिने विचारलं.

"जवसाचं."

"जवसाचं! लोणच्याला!" तिला हसू आलं, हसताना ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. "तापवलंस का? तापवून गार करून घालायचं असतं."

"तापवलेलंच मिळतं हे. बाटलीवर लिहिलंय."

"मग घाल."

मी पिवळ्या-तपकिरी रंगाचा एक थेंब त्या तेलात विरघळवला आणि रुंद ब्रशने तळापासून वर यायला लागले. खालचं काही झाकलं जात नव्हतं. फोडी, मोहरी, हळदीचं पाणी सगळं दिसत होतं, पण लांब गेल्यासारखं, खोल गेल्यासारखं. खोलीत उन्हाची तिरीप होती आणि ती त्या ओल्या थरात अडकून बसली होती. आई आता खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. नुसती तेल किती वर आलं ते बघत होती.

"अजून," ती म्हणाली.

मी अजून वर गेले.

"ती वरची. ती बुडू दे."

सगळ्यात वरची फोड, तिची, तिने अंगठ्याने चोळलेली. मी तिच्यावरून ब्रश नेला. ती तेलाखाली गेली आणि चमकली.

मागून आवाज आला. मला आधी कळलंच नाही कसला. मी वळले. आईने दोन्ही हातांची बोटं कानाखाली जबड्याला लावली होती आणि तिचा चेहरा आक्रसला होता. मी ब्रश टाकून धावले. "काय झालं? कुठे दुखतंय?"

तिने हाताने मला थांबवलं. "इथं कळ आली," म्हणाली. "आंबट बघितल्यावर येते तशी." आणि मग तिने आवंढा गिळला. पाण्याशिवाय. मला तो ऐकू आला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ओल चमकत होती, अगदी थोडी, एक थेंबही म्हणता येणार नाही. तिने गाऊनच्या बाहीने ती टिपली, बाही डोळ्यांसमोर धरली आणि बघत राहिली.

मी खालीच बसले, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले. तिने मला रडू दिलं. रंगाने बरबटलेले माझे हात ती आपल्या गाऊनला लागू देत होती, एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

मग ती खाकरली. आणि लोणचं घालून झाल्यावर इतकी वर्षं ज्या आवाजात हुकूम सोडायची, त्याच आवाजात म्हणाली, "बस झालं आता. ऊठ. धुतलेलं पांढरं फडकं आण. दादरा बांध त्याला."

"चित्राला?"

"मग काय उघडं ठेवणार? मुरायचंय अजून."

मी कपाटातून तिच्या विहारात नेसायच्या साडीचा जुना तुकडा आणला. चित्राला लागू नये म्हणून तो वरच्या कडेवरून नुसता सोडला आणि मागे सुतळीने बांधला. गाठ घट्ट आहे का, ते तिने ओढून बघितलं.

"कुणी मागितलं तरी उघडायचं नाही," ती म्हणाली. "आषाढातल्या पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की उघडू. मी सांगेन तेव्हा."

वर्षावासाला अजून दोन महिने होते.